पहिल्या फेरीचं वजन

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा बिनचालकाचा ट्रॅक्टर वृषालीच्या गाडीमागे आला, थोडा वेळ घुटमळला आणि शेवटी कंटाळून बाजूने पुढे निघून गेला. मागच्या ट्रॉलीत उसावर बसलेली एक म्हातारी वळून वळून तिच्याकडे बघत राहिली.

"भार जुळत नाही," गाडी गोड आवाजात म्हणाली. "ओळखीचा चालक जागेवर नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी गती पंचवीसवर ठेवली आहे."

"ओळखीचा नाही म्हणे. अगं, माझ्या नावावर आहेस तू," वृषाली दात ओठ खात म्हणाली.

गाडीला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. ती पंचविसावरच चालत राहिली.

वृषाली चौगुले दूध संघाची पशुवैद्यक होती. राधानगरीच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या म्हशींची फेरी तिच्याकडे होती. मागच्या सीटला पट्ट्याने बांधलेला नायट्रोजनचा कॅन, त्यात गोठवलेल्या रेतनमात्रा, आणि खिशात सारखा वाजणारा फोन. म्हैस माजावर आली की तिला वेळेत भरवावी लागते. वेळ टळली की पुढचा माज तीन आठवड्यांनी, म्हणजे तेवढं दूध लांबलं आणि तेवढा धनी कावला. डोंगरातल्या फेरीवर आजवर बाईमाणसाला कुणी पाठवलं नव्हतं. पाच वर्षं वरिष्ठांच्या मागे लागून तिने ती मिळवली होती, आणि आता संघाने स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून फेरी वेळेवर होणार नसेल तर तिने ऑफिसात बसून दुधाची फॅट तपासावी.

त्या दिवशीही ती वाडीवर पोचली तेव्हा उशीर झाला होता. म्हशीच्या मालकाने खासगी माणूस बोलावून काम उरकलं होतं. तो रागावलासुद्धा नाही. "बसा की, च्या घ्या," एवढंच म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

हे सगळं लचांड सुरू झालं ते गाडी घेतली त्या दिवशी.

गाडी जुनी होती. आधीच्या मालकाने निगुतीने वापरलेली, विजेवर चालणारी, कॅन मावेल एवढी मोठी. फक्त तिच्या चारही टायरांतले सेन्सर मेले होते. पूर्वी असे सेन्सर नुसती हवा मोजायचे आणि त्यांच्यातली बॅटरी संपली की एक पिवळा दिवा लावून गप्प बसायचे. माणसं त्या दिव्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष करायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. नव्या पिढीचे सेन्सर निराळे. सुपारीएवढा तुकडा टायरच्या आत चिकटवलेला, बॅटरी नाहीच. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि सुटला की पुन्हा फुगतो. त्या दबण्याफुगण्यातूनच तो आपली वीज करतो. टायर किती दबला आणि किती वेळ दबून राहिला, यावरून प्रत्येक चाकावर किती वजन आहे हे त्याला समजतं. आणि वजन जिवंत आहे की पोत्यात भरलेलं, हेही समजतं, कारण जिवंत माणूस श्वास घेतो आणि श्वासागणिक भार अगदी किंचित हलतो. बंद गाडीत विसरलेली लेकरं गुदमरून गेल्याच्या बातम्या वाढल्या, तेव्हा सरकारने हे सेन्सर सक्तीचे केले. त्यात काही वावगं नव्हतं.

पुढे त्यालाच गाडीचोरांचा बंदोबस्त जोडला. नवे सेन्सर बसवले की पहिल्या दोन किलोमीटरांत गाडी आपला चालक पाठ करते. त्याचं वजन, ब्रेक दाबायची ढब, वळणावर झुकायची सवय, या सगळ्याची चाकांवर पडणारी छाप सेन्सरच्या पोटात कायमची कोरली जाते. दुसरा कुणी चालवायला बसला की गाडी गोगलगाय होते. बाकीचे प्रवासी बसले काय, उतरले काय, तिला फरक पडत नाही. मात्र ती ओळख पुसायची झाली तर पहिल्या फेरीत जे जीव होते तेच, त्याच जागांवर, पाचेक किलोंच्या फरकाने बसवून तीच फेरी पुन्हा मारावी लागते. चोर गाडी पळवू शकतो, पण त्यातली माणसं कुठून आणणार, असा हिशेब. पहिल्या फेरीला चालक एकटाच असेल हे अभियंत्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यांच्या घरी लिंबं ठेवायची पद्धत नसावी.

नौशाद मुजावर आपली टायरची व्हॅन घेऊन घरी आला होता. अंगणातच त्याने चारी चाकं उतरवली, सेन्सर चिकटवले, हातातल्या यंत्राने एकेक चाक गाडीशी जोडून दिलं. पुढचं डावं दोनदा चुकलं, तेव्हा त्याने यंत्राला थापट्या मारल्या. मग वृषालीला म्हणाला, "आता तुम्ही एकट्या बसा ताई. दोन किलोमीटर जाऊन या. दुसरं कुणी बसू नगा, न्हाईतर ती तेच खरं धरून बसंल."

वृषाली दार उघडून बसलीसुद्धा.

"थांब गं," आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई. "लिंबं ठेवल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

मग लिंबं आली, हार आला, नारळ फुटला. आत्तींनी औक्षण केलं. तेवढ्यात धाकटा दीर संग्राम पुढे झाला. "वहिनी, लिंबावरनं नेताना गचका बसतोय. तुम्हांला अजून सवय न्हाई. मी काढून देतो तेवढी." ती उतरली. तिने उतरायला नको होतं, पण दारात पेढे वाटले जात असताना कोण वाद घालतं. संग्राम बसला. मामा, म्हणजे सासरे, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, आता बसलोयच तर देवीला जाऊन येऊ. मागे धैर्यशील, म्हणजे वृषालीचा नवरा, मध्ये जाऊबाई रूपल, तिच्या मांडीवर पाच वर्षांची ईरा, आणि उरलेल्या वितभर जागेत वृषाली, स्वतःच्या गाडीत अंग चोरून.

"अहो, नौशादभाई काय म्हणाले ते ऐकलंत ना?" ती म्हणाली.

"दोन किलोमीटरानं काय हुतंय?" मामा म्हणाले. धैर्यशील खिडकीबाहेर बघत होता. नौशादच्या तोंडात पेढा होता. आत्ती तेवढ्या घरी थांबल्या, कारण चुलीवर पुरण होतं.

देऊळ जाऊन येऊन बरोबर तेवढंच अंतर. परत अंगणात शिरताना गाडी म्हणाली, "ओळख पूर्ण झाली. धन्यवाद." ईराने टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून गाडी संग्रामची झाली. तो बसला की भरधाव जायची, वृषाली बसली की रांगायची. "गाडीला माणूस कळतंय," असं तो चारचौघांत हसत म्हणायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. फेरीला जायचं तर वृषालीने त्याला विनवायचं, आणि त्याने चहा पिऊन, मित्राला भेटून, मोबाईल शोधून निघायचं. धैर्यशीलकडे गाऱ्हाणं केलं की तो म्हणे, "बोलतो मी त्याच्याशी." शिरोलीच्या कारखान्यात त्याची पाळी सकाळची असली की संध्याकाळी बोलणार, आणि रात्रीची असली की सकाळी. त्याचं ते बोलणं कधी झालंच नाही.

मग एक अडलेली म्हैस दगावली. रेडकू पोटात आडवं होतं, फोन पहाटेच आला होता, आणि संग्राम तासाभराने उगवला. वृषाली कोपरापर्यंत रक्ताने माखून घरी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ही तुमची गाडी नाही, आणि तुम्ही माझे ड्रायव्हर नाही. किल्ली ठेवा तिथं."

संग्रामने किल्ली ठेवली. आठवडाभरात त्याने कागलात खोली घेतली आणि बायको-पोरीला घेऊन गेला. जाताना कुणाशी भांडला नाही. गावात मात्र बोभाटा झाला की थोरलीनं घर फोडलं. मामा तिच्याशी कामापुरतं बोलत. आत्तींनी तेवढंही सोडलं. चहाचा कप तिच्यापुढे ठेवताना त्यांच्या बांगड्या वाजायच्या, तोच काय तो आवाज. तिचं काय चुकलं होतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिची बाजू काय होती हे कुणी विचारलं नाही.

एवढं करून गाडी पंचविसावरच.

ती नौशादकडे गेली. नवे चार सेन्सर टाकून मोकळं व्हायचं, तर या मॉडेलचे सेन्सर बनायचेच बंद झाले होते. तिच्या गाडीतला संच नौशादच्या कपाटातला शेवटचा होता. "एक करता येतंय," तो आवाज बारीक करून म्हणाला. "मुके घालतो." मुके म्हणजे चोरबाजारातले सेन्सर. ते काही मोजत नाहीत. गाडीने विचारलं की फक्त 'सगळं ठीक' एवढं सांगतात. "तेवढं घाटात जाऊ नगा."

"माझी सगळी फेरी घाटातच आहे."

"मग जपून जावा."

तिने घातले. दोन दिवस ती उडतच होती. वेळेआधी वाड्यांवर पोचली, एका ठिकाणी तर म्हशीचा मालक अजून दात घासत होता. तिसऱ्या दिवशी उताराच्या वळणावर गाडी मागून झोकांडी खाऊ लागली. "चारही चाकं ठीक आहेत," गाडी म्हणाली. स्टिअरिंग हातात ओढत होतं, मागून रबर फाटल्याचा आवाज येत होता, आणि गाडी तेच सांगत होती, "चारही चाकं ठीक आहेत." कठड्याचा दगड घासत गाडी थांबली. मागचं डावं चाक नुसत्या लोखंडावर आलं होतं. पट्टा तुटून कॅन आडवा झाला होता आणि नायट्रोजनची पांढरी वाफ तिच्या पायांवरून दरीकडे वाहत होती. ती कठड्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. भीती वाटली होतीच, पण त्याहून राग आला होता. एक गाडी खरं बोलून तिचा जीव खात होती, आणि तीच गाडी खोटं बोलून जीव घेत होती. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं ती रोज लोकांना हसून सांगायची. आपणही तेच केलं, हे तिला तिथे बसल्यावर उमगलं.

मुके सेन्सर काढून जुने पुन्हा चिकटवले. आता उपाय एकच उरला होता, आणि तो कागलात राहत होता.

दार रूपलने उघडलं. संग्राम जेवत होता. त्याने जेवण पुरतं संपवलं, हात धुतले आणि मग समोर येऊन बसला.

"गाडीला मीच लागतोय म्हणा की," तो म्हणाला.

"हो. तुम्हीच लागता," वृषाली म्हणाली. हे वाक्य घशाखाली उतरवायला तिला कागलपर्यंतचा सगळा रस्ता लागला होता. "फेरी जाईल माझी, भाऊजी. एकदा येऊन पुसून द्या."

तो बराच वेळ टॉवेलाची घडी करत राहिला. "त्या म्हशीचं मी मुद्दाम न्हवतं केलं."

"माहीत आहे."

"मग सगळ्यांम्होरं का बोललासा?"

"म्हैस मेली होती, भाऊजी."

रूपल आतून म्हणाली, "रविवारी येतो आम्ही." तोच होकार धरून वृषाली उठली.

रविवारी सगळे अंगणात जमले. पोरगा आणि नात आल्याचा आनंद मामांच्या तोंडावर मावत नव्हता, आणि तो वृषालीमुळे झालाय हे मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. ते निमूट पुढे बसले. सगळे त्याच जागी बसले, ईरा मांडीवर, वृषाली वितभर जागेत. नौशादने खिडकीतून यंत्र दाखवलं आणि मान हलवली. जवळजवळ बारा किलो जास्त भरत होते.

"ईरा वाढलीया," रूपल म्हणाली.

"पोरगी एवढी न्हाई वाढत," नौशाद म्हणाला. "पुढचं उजवं चाक जास्त दाबलंय."

पुढे उजवीकडे संग्राम होता. हॉटेलातलं खाऊन खाऊन पोट सुटलं होतं बेट्याचं. "कागलात जेवणाचे हाल हुत्यात म्हणत हुतास," मामा म्हणाले. संग्रामने कमरेचा पट्टा काढला, मोबाईल काढला, चपला काढल्या. सगळ्यांच्या चपला अंगणात ओळीने लागल्या. धैर्यशीलने डिकीतला जॅक आणि पान्यांची पेटी उतरवली. मामांनी खिशातला अडकित्ता आणि सुपारीचा डबा नौशादच्या हातात दिला, अगदी नाइलाजाने. तरी जुळेना. शेवटी सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या टाकल्या आणि स्वेटर उतरवले, तेव्हा यंत्रावर हिरवा ठिपका आला. अख्खं खानदान अनवाणी, अवघडून, हलू नका हलू नका म्हणत देवळापर्यंत गेलं आणि परत आलं. वाटेत ईराला हसू आवरेना, आणि मग रूपललाही. वृषालीला मात्र हसू येत नव्हतं. हे जमलं नाही तर उद्या संघात काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"पहिली ओळख पुसली आहे," गाडी म्हणाली. "नवीन चालकाने एकट्याने बसावे."

संग्राम उतरला. दार धरून उभा राहिला. "बसा वहिनी," तो म्हणाला, आणि या खेपेला लिंबाचं नाव कुणी काढलं नाही. वृषाली चालकाच्या जागेवर बसली. पट्टा लावला. स्टिअरिंग घट्ट धरलं.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि आत्ती आत येऊन बसल्या.

आत्तींनी पदर सावरला, दार ओढून घेतलं आणि समोर बघत राहिल्या.

"आत्ती, उतरा," वृषाली म्हणाली. "एकटीनं बसायचंय मला. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलंय. म्हणूनच बसलेय." इतक्या महिन्यांनी त्या तिच्याशी बोलत होत्या. "म्हंजे फुडं कधी पुसायचं झालं तर मला इचारल्याबिगर जमायचं न्हाई कुणाला."

वृषाली त्यांच्याकडे वळली, पण आत्तींचं संपलं नव्हतं.

"त्या दिवशी समद्यांनी आपापलं वजन घालून घेतलंसा. मी पुरणापाशी. पोरगं घर सोडून गेलं, तू त्याला बोललीस, त्यानं किल्ली टाकली, मला कुणी इचारलं? आज पुसायला समदी आलीसा. मी न्हाई म्हटलं असतं तरी पुसलंच असतं की. माझ्यावाचून ह्या घरात काय अडतंय सांग."

वृषालीला त्यांची कीव आली, आणि त्याच क्षणी संतापही आला. हे घर असंच होतं. जो तो आपलं दुखणं घेऊन तिच्याच गाडीत येऊन बसत होता.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही विचारलं. चुकलं माझं. पण तुम्ही उतरा. ह्या घरात माझ्या एकटीची अशी एक वस्तू नाही. कपाटात सगळ्यांचे कपडे, फोनवर सगळ्यांचे निरोप, नोकरीला कुणी सोडलं तर जायचं. ही गाडी मी घेतली आणि पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर कोपऱ्यात बसले. आज परत तसं झालं तर मी उद्यापासून ऑफिसात बसेन आणि तुमच्यावर आयुष्यभर दात धरीन. मला तसं नको आहे. उतरा, आत्ती."

आत्ती हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "एवढं बोलाय येतंय व्हय तुला? मग इतकं दिस का गप हुतीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

त्यांनी दार उघडलं आणि उतरल्या. कुणाकडे बघितलं नाही.

वृषालीने गाडी काढली. रस्ता रिकामा होता. ती कुणाची सून म्हणून बसली नव्हती, कुणाला जागा करून द्यायची नव्हती, तरी पहिला अर्धा किलोमीटर ती अंग चोरूनच बसली होती. मग तिच्या ते लक्षात आलं आणि ती सीटला टेकून ऐसपैस बसली. वळणावर तिला हवं तसं वळली, ब्रेक तिला हवा तसा दाबला. चाकं तिचं वजन उचलत होती आणि पाठ करत होती. खूप आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झाला तो एवढाच की राग उतरला, आणि तो किती मोठा होता हे उतरल्यावर समजलं.

"ओळख पूर्ण झाली," गाडी म्हणाली. "गतीवर मर्यादा नाही."

ती परत आली तेव्हा बाकीचे घरात गेले होते. आतून ईराचा आवाज येत होता आणि मामा अडकित्ता शोधत होते. आत्ती मात्र जिथे उतरल्या होत्या तिथेच उभ्या होत्या. वृषालीने आतूनच हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"आता धरंल का ती माझं वजन?" आत्तींनी विचारलं.

"नाही. आता कुणाचंच धरणार नाही."

"मग बसून काय करू?"

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वाडीवरून होता. म्हैस माजावर आली होती. "येते, अर्ध्या तासात पोचते," ती म्हणाली, आणि असं खात्रीने सांगायला तिला कितीतरी दिवसांनी मिळत होतं. तिने घाईने कॅन आणून मागच्या सीटला पट्ट्याने बांधला, पुन्हा चालकाच्या जागेवर बसली आणि आत्तींकडे बघितलं.

"डोंगरात चाललेय. म्हैस भरवायला. तुम्ही बघितलाय का कधी वरचा भाग?"

"चाळीस वर्सं झाली ह्या घरात येऊन. कोण नेतंय मला डोंगरात?"

"चला मग."

आत्तींनी घराकडे एकदा बघितलं. चुलीवर काहीतरी होतं, त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. मग त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "चपला घालून येते."

वृषाली गाडी चालू ठेवून थांबली.